कुंपणाबाहेरून पाहिलेलं उड्डाण

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर थोड्याच दिवसांत त्या न्हावऱ्यातल्या आमच्या कांद्याच्या वावरात उभ्या होत्या आणि वरून एक लहानसं विमान घरघरत गेलं. शिकाऊ वैमानिकांची विमानं आमच्या भागावरून अधूनमधून जातच असतात. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिल्या.

"इतकी वर्सं नुसता आवाजच आयकला," त्या म्हणाल्या. "पंख कसं दिसत्यात ते आज कळलं."

"जवळून बघायचंय का?"

"तू जातीस तिथं?"

"हो."

"मंग कवा जायचं?"

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी विमानांचे फोटो काढते. सुरुवात भीमेच्या काठावर पक्ष्यांचे फोटो काढण्यापासून झाली. एकदा बगळ्यावर कॅमेरा धरलेला असताना मागून विमान आलं आणि मी बगळा सोडून त्याच्यामागं लागले ती आजपर्यंत. गावात याचं हसू झालं नसतं तरच नवल. एका लग्नात कुणीतरी आत्यांना टोमणा मारला, तेव्हा मी शेजारीच वाढत होते. आत्या शांतपणे म्हणाल्या, "लोकांच्या सुना देवळात जात्यात, माझी विमानतळावर जाती. दोन्हीकडं मान वरच करायची असती."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. मी भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेतली, आत्यांना डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा घालायला लावला आणि आमची जुनी गाडी काढली. भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला हायवेला लागलो. वरवंडला चहा प्यायलो. तिथून पाटसवरून बारामतीच्या रस्त्याला वळलो. आत्या वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. किती वर्षांनी वाचत होत्या, हे मी विचारलं नाही.

बारामतीचा विमानतळ छोटासाच. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला मी विचारलं. तो म्हणाला, "आत सोडता येणार नाही, ताई. बाहेर रस्त्यावरून विमानाचे फोटो काढा, इमारतीचे काढू नका." आम्ही कुंपणाच्या कडेनं थोडं पुढं जाऊन एका बाभळीखाली गाडी लावली. समोर धावपट्टीचा टोकाकडचा भाग स्वच्छ दिसत होता.

पांढरं, निळ्या पट्ट्याचं विमान उडायचं, मोठा वळसा घालून परत यायचं, चाकं टेकवायचं आणि न थांबता पुन्हा वर जायचं. शिकणाऱ्यांचा सराव असाच चालतो. पहिल्यांदा ते डोक्यावरून गेलं तेव्हा आत्या चक्क खाली बसल्या, आणि मग उठून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"खालच्या बाजूनं तेलाचा डाग हाय बघ त्याला!" त्या म्हणाल्या. मला तो घरी मोठ्या स्क्रीनवर दिसला.

दुपार व्हायच्या आत ते विमान उतरून कडेला थांबलं. कुणीतरी खाली उतरलं. थोड्या वेळानं ते पुन्हा धावपट्टीवर आलं आणि उडालं. माझं सगळं लक्ष उन्हाकडं. फोटो पांढरे पडत होते, मी कॅमेऱ्याची बटणं फिरवत होते.

"आता यकटीच हाय की त्यात," आत्या म्हणाल्या.

"कोण?"

"पोरगी. मघाशी दोघं होती. शिकवणारा उतरला आन् तिला यकटीला धाडलं."

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. खरंच, काचेमागं एकच डोकं होतं आणि मानेवर वेणी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही तिची एकटीनं उडायची पहिलीच वेळ असावी. मी आत्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली.

विमान वळसा घालून आलं. पण जरा उंचावरच राहिलं. धावपट्टी निम्मी सरली तरी चाकं खाली येईनात. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि ते तसंच वर निघून गेलं. असं करणं बरोबरच असतं, उंची जास्त वाटली की न टेकता पुन्हा वर जायचं असंच शिकवतात, हे मला माहीत होतं. तरी मीही एका हातानं जाळी धरली.

"घाई न्हाई, बाई," आत्या आभाळाकडं बघत बोलत होत्या. "अजून यक चक्कर मार. दिवस पडलाय समदा."

या वेळी ते खाली, सरळ रेषेत आलं. मी बटण दाबून धरलं. मागची चाकं टेकायच्या बेतात होती, पंख अगदी समतल, आणि काचेमागं तिचा चेहरा. टेकलं. एकदा थोडं उसळलं आणि मग पळत पळत थांबलं. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणाबाहेर आम्ही दोघीच होतो आणि त्या एकट्या टाळ्या वाजवत होत्या. मग मीही वाजवल्या.

लांबवर ती मुलगी विमानातून उतरली तशी चार-पाच जण बादल्या घेऊन धावले आणि तिला नखशिखान्त भिजवलं.

"अगं, काय करत्यात हे!" आत्या ओरडल्या.

"रीत आहे त्यांची. पहिल्यांदा एकटं उडालं की पाणी ओततात."

"आमी हळदीला वततो तसं व्हय," असं म्हणून त्या निवांत झाल्या.

आम्ही भाकरी सोडतोय तोच मघाचा सुरक्षारक्षक आमच्याकडं चालत येताना दिसला. मी घाबरून कॅमेरा पिशवीत घातला.

"ताई, साहेब विचारतायत, आत्ताच्या लँडिंगचा फोटो काढलात का?"

"काढलाय. नको असेल तर पुसून टाकते."

"पुसू नका! त्या मॅडमना पाहिजे."

फाटकापाशी ती शिक्षकांबरोबर उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. वीस-एकवीसची असेल. नांदेडकडच्या हळद पिकवणाऱ्या घरातली. मित्रांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोत विमान म्हणजे नुसता ठिपका आला होता. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिच्या उतरण्याचा फोटो उघडून दाखवला. ती पडद्यावर वाकली.

"मला वाटलं, मी खूप घाबरलेली दिसत असेन," ती म्हणाली.

"पहिल्या खेपेला वर गेलीस तवा आमीच घाबरलो व्हतो," आत्या म्हणाल्या. "तू न्हाईस." आणि त्यांनी फाटकाच्या गजांमधून हात घालून पदरानं तिचं कपाळ पुसलं. "क्यास पूस आधी. सर्दी व्हईल."

ती हसता हसता रडायला लागली. शिक्षक दुसरीकडं बघू लागले.

मी तिचा नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी सगळे फोटो पाठवले. दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. पोरीचं पहिलं उड्डाण बघायला त्यांना येता आलं नव्हतं, ऐन हळद काढणीचे दिवस. ते म्हणाले, "तुमच्यामुळं मी तिथं हजर होतो असं वाटलं." मी फोन आत्यांकडं दिला. दोघं माणसं आयुष्यात एकमेकांना कधी भेटली नव्हती, पण हळद, कांदा, पाणी आणि मुलगी यांवर अर्धा तास बोलत राहिली.

आमच्याकडं घरातल्या माणसांचे आभार मानायची पद्धत नाही. मानले असते तर आत्या म्हणाल्या असत्या, याड लागलंय का तुला. पण त्या फोनवर बोलत असताना मी ओट्यापाशी भाजी चिरत उभी होते आणि वाटत होतं, माझ्या या छंदाला घरात जागा मिळाली ती त्यांच्यामुळं. तो कॅमेरा कपाटात धूळ खात पडला असता तर एका बापाला आपली लेक उतरताना दिसली नसती.

आत्या फोनवर म्हणत होत्या, "व्हय व्हय, लई झ्याक उतरली. म्या बघितलं की माझ्या डोळ्यांनी."