न्हाणीघरातली चटई

आमच्या दिवाणखान्यात सध्या तोफखाना उघडलाय. तोफ आहे माझ्या लेकीच्या, ईशाच्या, कॉलेजचा यंत्रमानव! गरगर फिरणारं चाक स्पंजचा चेंडू वरच्या कमानीवर दाबत टोपलीकडे फेकतं. स्पर्धा उद्यावर आली, तरी कमानीला आतून काय चिकटवायचं ते ठरेना. गुळगुळीत प्लास्टिकवरून चेंडू घसरला आणि माझ्या चहात पडला. सँडपेपरने तर त्याची सालंच काढली.

"बाबा, पकड घेईल पण फाडणार नाही असं काहीतरी हवं."

"असा साहेब मला उभ्या नोकरीत भेटला नाही," मी म्हणालो.

आतल्या खोलीतून माझ्या वडिलांचा, अण्णांचा, आवाज आला, "न्हाणीघरातली रबरी चटई घे."

अण्णांचा पाय घसरू नये म्हणून ती आणली होती. दिवाळीपासून ते खाटेवरच आहेत, तरी मी ती रोज धुऊन पुन्हा अंथरतो. "पुढच्या महिन्यात चालाल बघा!" हा माझा हातवाऱ्यांसकट रोजचा प्रयोग.

"अण्णा, तुम्हाला लागेल ना ती."

"किती दिवस धुणार आहेस, सोंगाड्या?"

ईशाने कात्री चालवली. चटईने चेंडू क्षणभर घट्ट धरला आणि अलगद सोडून दिला. रबराला जमलं ते.

"पडला का?" आतून प्रश्न आला.

"टोपलीत, आजोबा!"

संध्याकाळी औषध पाजताना पुढच्या महिन्याचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी फक्त त्यांचे ओठ पुसले.