फोरम बंद पाडल्याचा आळ

"मॅडम, त्या मास्तरांचं खातं मी बंद करून टाकलंय. आता फोरम बराबर चालेल," पंकज म्हणाला.

मी त्याच्याच टेबलावर फोरम उघडून एक ओळ टाकून पाहिली. पान पांढरंफटक. वर इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ एवढाच की दिलेली मेमरी संपली. म्हणजे मास्तर गेले होते आणि दुखणं जागच्या जागी होतं.

जालन्यातली ही कंपनी मोसंबीची कलमं, खतं आणि औषधं विकायची. तिची वेबसाइट मी कॉन्ट्रॅक्टवर सांभाळत होते. पंकज मालकांचा पुतण्या, मार्केटिंग बघायचा. साइटवर बागायतदारांसाठी फोरम होता. एकानं प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहायची, आणि ते सगळं कुणालाही केव्हाही वाचता यायचं. तेव्हा खेड्यात प्रत्येकाच्या हातात इंटरनेट नव्हतं. लोक सायबर कॅफेत जाऊन लिहायचे.

ते मास्तर म्हणजे कुंभार पिंपळगावचे साळवे गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, स्वतःची थोडी मोसंबी. बाजारच्या दिवशी ते कॅफेत बसायचे. ज्यांना टायपिंग येत नव्हतं ते बागायतदार त्यांच्याकडे यायचे. गुरुजी त्यांचे प्रश्न लिहायचे आणि आलेली उत्तरं वाचून दाखवायचे. निम्मा फोरम त्यांच्यामुळे जिवंत होता.

पंकजनं नुसतं खातं बंद केलं नव्हतं. फोरमच्या पहिल्या पानावर नोटीस लावली होती: 'कुंभार पिंपळगाव येथील सदस्य साळवे यांनी एकच मजकूर वारंवार टाकून फोरम बंद पाडला. त्यांना काढून टाकण्यात आले आहे.' गावासकट नाव. ते वाचून माझं डोकं सणकलं. चार ओळींचा मजकूर चारदा पडला म्हणून सर्व्हर झोपत नाही. आणि गुरुजींना कुणी साधा फोनही केला नव्हता.

मी केला.

"बाई, म्या एकदा बटन दाबलं," गुरुजी म्हणाले. "लई वेळ नुसतं फिरत राह्यलं. मंग पांढरं पान आलं. मला वाटलं गेलंच न्हाई, म्हणून पुन्हा दाबलं. फळगळीचा प्रश्न होता. तो माणूस शेजारी बसून होता, त्याला काय सांगणार?"

"नोटीस वाचली का तुम्ही?"

"कॅफेवाल्यानं वाचून दाखवली. सगळ्यांपुढं."

आता कामाला लागले. मेमरी म्हणजे सर्व्हरचा ओटा समजा. प्रत्येक कामाला ओट्यावर ठरावीक जागा मिळते. सामान त्याबाहेर गेलं की काम अर्ध्यात सुटतं आणि पांढरं पान येतं. होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट होती त्यांना, फोन लावला. त्यांचं ठरलेलं उत्तर आलं: मोठा प्लॅन घ्या. तो न घेता मी आहे त्या प्लॅनमध्ये मर्यादा थोडी वाढवून पाहिली. एरर गेली, पण पोस्ट टाकायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. हे विचित्र होतं. जागा वाढल्यावर काम जल्दी व्हायला पाहिजे.

मग मी 'चाचणी' असा एकच शब्द पोस्ट केला आणि दुसऱ्या खिडकीत डेटाबेस उघडून ठेवला. डेटाबेस म्हणजे सगळ्या पोस्टी साठवायची जागा. माझा शब्द तिथं लगेच दिसला. पान मात्र अजून फिरतच होतं. म्हणजे पोस्ट केव्हाच जमा झालेली असायची. उशीर होत होता तो त्यानंतरच्या कशात तरी.

त्यानंतरचा कोड उघडला, तर तिथं मी न लिहिलेली एक फाइल. कुणीही काही पोस्ट केलं की सगळ्या सदस्यांना आणि डीलरांना एकदमच ईमेल, आणि प्रत्येक ईमेलला कंपनीचा रंगीत कॅटलॉग जोडलेला. ते सगळे कॅटलॉग आधी ओट्यावर रचायचे, मग एकेक पाठवायचा. तोवर लिहिणारा बिचारा बसलेला. पान पांढरं झालं की तो पुन्हा बटन दाबणार, पुन्हा तेवढेच कॅटलॉग. मी जागा वाढवली तेव्हा जास्त कॅटलॉग मावले, म्हणून वेळ वाढला.

"ही फाइल कुणी टाकली?" मी विचारलं.

"मीच. सीझन आहे मॅडम, मार्केटिंग नको का?" पंकज म्हणाला.

"मग फोरम तुझ्या फाइलनं बंद पाडला. आणि एकच प्रश्न तीनदा तर मंठ्याच्या डीलरचाही पडलेला दिसतोय. त्यांचं खातं का नाही बंद केलं?"

"ते आपले आहेत ना."

तो हे अगदी सहज बोलला. त्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

पोस्टीमागचे ईमेल मी काढून वेगळ्या रांगेत टाकले. ते आता सावकाश, थोडे थोडे जाणार होते. कॅटलॉगच्या जागी नुसती लिंक दिली. पोस्ट चुटकीसरशी पडू लागली. गुरुजींचं खातं उघडलं आणि मालकांकडे गेले.

"छान झालं," ते म्हणाले. "नोटीस गुपचूप काढून टाका."

"गुपचूप नाही, साहेब. खरं कारण तिथंच लिहावं लागेल."

"कंपनीनं माफी मागायची? एका मास्तराची?"

"आळ कंपनीनं घेतला होता."

"तुम्ही कॉम्प्युटरचं बघा, मॅडम."

मी कॉम्प्युटरचंच बघितलं. जागेवर येऊन जुनी नोटीस काढली आणि नवी लावली: 'फोरम कंपनीच्या ईमेलमुळे बंद पडत होता. साळवे गुरुजींचा यात काहीही दोष नव्हता. त्यांच्यावर केलेला आरोप चुकीचा होता.' खाली माझं नाव घातलं.

बाजारच्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "कॅफेवाल्याला म्हणलं, आता हेही मोठ्यानं वाच. वाचलं त्यानं. पण बाई, म्या आता तिथं लिहिणार न्हाई."

"फळगळवाल्याचं काय झालं?"

"तो थांबला न्हाई. दुकानदारानं दिलं ते औषध मारून आल्ता. पानं करपली. बाग वाचंल, पण औंदाचा बहार गेला."



त्याच आठवड्यात मालकांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. साइट पंकजकडे गेली. त्यानं माझी नोटीस काढली, कॅटलॉग पुन्हा जोडले. गुरुजींमागोमाग बागायतदारही गेले. शेवटी फोरमवर कंपनीच्याच जाहिराती उरल्या, आणि त्यासुद्धा पडायला वेळ लागायचा.

तेव्हापासून काम घेण्याआधी मी गिऱ्हाइकाशी दोन गोष्टी ठरवते. सर्व्हरचा पासवर्ड कुणाकुणाकडे राहील, आणि चूक सापडली तर ती कुणाच्या नावानं लिहिली जाईल. पहिल्या गोष्टीला सगळे हो म्हणतात. दुसरीला बरेच जण उठून जातात.