हॉलमामांची हॅकेथॉन

हॉलमामांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती: मुलीकडची आणि मुलाकडची. नळ दुरुस्त करायला कोणी आला तरी मामा त्याला निरखून बघत आणि मनातल्या मनात एका बाजूला बसवून टाकत. रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल त्यांनी उभं आयुष्य सांभाळला. स्वतः बिनलग्नाचे राहिले, पण आमच्यातली निम्मी लग्नं त्यांच्या आरडाओरड्यावर पार पडली. खरं नाव मलाही ठाऊक नाही. विचारायची कधी गरजच पडली नाही.

पुढे लोक नवा रायपुरकडच्या लॉनवर लग्नं करायला लागले आणि हॉल ओस पडला. अध्यक्षांनी तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका सळईवाल्याला गोदाम म्हणून द्यायचं जवळजवळ ठरवून टाकलं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "नवरानवरी बसत होते तिथं सळया ठेवून राहिले हे," ते मला म्हणाले. "तू कॉम्प्युटरवाली ना व? एखादं तरी कार्य आण." गावातल्या डेव्हलपर पोरांसाठी ब्लॉकचेन आणि एआयची एक लहानशी हॅकेथॉन भरवायला मी जागा शोधतच होते. आणलं कार्य. अध्यक्ष म्हणाले, संध्याकाळी येऊन बघतो, मग ठरवू.

हॅकेथॉन म्हणजे काय, ते मी मामांना जीव तोडून समजावलं. दोन चमू असतात, दिवसभर बसून प्रोजेक्ट बनवतात, ज्यांचं चांगलं ते जिंकतात.

"मामा, लग्न नाही हो हे."

"हव, समजलं," मामा म्हणाले. "पोराकडचे कोणते?"

ब्लॉकचेनवाले उशिरा आले आणि आल्या आल्या त्यांनी चहा मागितला. मामांना तेवढा पुरावा पुरला. त्यांना वरपक्षाची खोली मिळाली, कूलर आणि भिंतभर सॉकेटांसकट. एआयवाले वधूपक्षात. तिथे मोठा आरसा होता आणि एकच चालू सॉकेट. त्यांच्यातली एक पोट्टी माझ्याकडे आली. "दीदी, ये अंकल हमको लड़कीवाले क्यों बोल रहे हैं?" मी काय कप्पाळ सांगणार.

मामांचं एक ठाम मत होतं. "कार्यात कोणी रुसलं नाही तं समजावं, आपलं काहीतरी राहिलं." म्हणून कोणत्याही समारंभात ते आधी रुसलेला माणूस शोधत. इथे तर सॉकेटपायी अख्खा वधूपक्ष रुसून बसलेला. मामांचा चेहरा खुलला. नारळ आणि टॉवेल घेऊन ते आत गेले आणि चमूच्या म्होरक्यापुढे हात जोडून उभे राहिले. "मानाचं घ्या, अन् मनात काही ठेवू नका."

"अंकल, एक्सटेंशन बोर्ड चाहिए."

"तेही येते. पहिले टॉवेल घ्या."

पोराने टॉवेल घेतला, मगच बोर्ड आला.

दुपारी मामांनी कहर केला. दोन्ही चमूंना लॅपटॉपसकट उठवलं आणि समोरासमोर पंगतीत बसवलं. एकमेकांचं काम बघायचं नाही, असा आमचा नियम होता. मी चिडले, भांडले. "नियम तुमच्या घरी," मामा वाढता वाढता म्हणाले. "दोन्हीकडचे एका पंगतीत नाही बसले तं कार्य फिसकटते." वरणभातापर्यंत पोरं गप्प होती. मग बोलायला लागली. एकांनी नक्कल करता येणार नाही अशी निमंत्रणपत्रिका बनवली होती, दुसऱ्यांनी चेहरा ओळखणारा प्रोग्राम. मठ्ठा येईपर्यंत दोघांचं मिळून एक प्रोजेक्ट झालं: लग्नात न बोलावता जेवायला घुसणारे पकडायचं यंत्र. दिवसभर मामांच्या तावडीत राहिल्यावर पोरांना दुसरं सुचणार तरी काय?

संध्याकाळी अध्यक्ष आले. पोरांनी मोठ्या हौसेने दारातच त्यांच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरला. पडदा लाल झाला आणि वर अक्षरं उमटली: बिनबुलाया मेहमान. अध्यक्षांचा फोटो यंत्रात घालायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता सळया आल्याच, असं मला वाटलं. मामा पुढे झाले, मोबाईल बाजूला सारला आणि अध्यक्षांचा हात धरून त्यांना आत नेलं. "याइले पहिले वाढा. न बोलावता येते तो घरचाच असते." मग पोरांकडे वळून म्हणाले, "तुमच्या मशीनीले हे शिकवलं नाही काय?"

अध्यक्ष हसले. जिलबी मागून घेतली. निघताना म्हणाले, "गोदामाचं राहू द्या. असेच कार्यक्रम करू, पण जरा नीट करू."

नीट म्हणजे काय, ते लवकरच कळलं. हॉल एका इव्हेंट कंपनीकडे गेला. एसी आला, काचेची दारं आली, कंपनीचा स्वतःचा मॅनेजर आला. मामांना शाल देऊन मोकळं केलं. मला असा संताप आला की मी तडक अध्यक्षांशी भांडायला निघाले. मामांनीच अडवलं. "काहून भांडतं? सळया तं नाही आल्या ना. पोरगी चांगल्या घरी पडली, असं समज."

माझी समजूत काढायला बोलले असतील, असं मी धरून चालले.

पुढची हॅकेथॉन मी तिथेच घेतली आणि मामांना मानाने बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेच्या दारावरून हात फिरवला, छताकडे बघितलं, "सुखात हाये," म्हणाले. मी चहा आणला. घेतला नाही. थकले असतील म्हणून गार पाण्याचा ग्लास पुढे केला. तोही त्यांनी हळूच परत माझ्या हातात दिला.

"नको व. पोरीच्या घरचं पाणी पीत नसतात."

मला रडू आवरेना. ऐन उन्हात चालत आले होते ते. तसेच कोरड्या घशाने चालत घरी गेले.