पुढचा गिअर, मागची चाल

सिलिंडरच्या बाजूला चांगलं अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. आतला कनेक्टिंग रॉड तुटला होता. पिस्टनला क्रँकशी जोडतो तो दांडा. तुटता तुटता त्याने लाथ मारून इंजिनाचं पोटच फोडलं होतं. उरलेलं सगळं जाम. पुलीला पाइप लावून मी अंगाचा भार टाकला, ती केसभरही हलली नाही.

"दुरुस्त नाही होणार, मॅडम," मी म्हणालो. "इंजिनच बदलावं लागेल."

"मंग बदला ना, तायडे भाऊ. मले काहून सांगून राहिले?"

इंगोले मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. बगीचा नजरेखाली ठेवायचा तर त्यांच्याकडे एकच वाहन होतं, हा गार्डन ट्रॅक्टर. शेतातल्या ट्रॅक्टरचं लहान भावंड समजा. बंगल्यांच्या हिरवळीवर गवत कापायला तो बनलेला. एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या लिलावातून त्यांच्या यजमानांनी तो फार वर्षांपूर्वी उचलला होता. यजमान गेले, गवत कापायचं पातं काढून ठेवलं, मागे छोटी ट्रॉली लागली आणि मॅडम रोज सकाळी त्यावर बसून झाडांची हजेरी घेऊ लागल्या.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"पाहतो."

"पाहू नका. माहा पोरगा प्रशांत रविवारी येऊन राहिला. ट्रॅक्टर बंद दिसला का बगीचा मक्त्यानं देते अन् मले पुण्याले नेते. चवथ्या मजल्यावर."

तो मंगळवार होता.

माझं अकोल्यात छोट्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. पंप, फवारणी यंत्र, पॉवर वीडर, जे येईल ते. त्यामुळे मला फार अवघड वाटलं नाही. जुन्या इंजिनाला जुळणारं नवं शोधताना थोड्याच गोष्टी पाहायच्या असतात. ताकद किती, शाफ्ट, म्हणजे बाहेर आलेला फिरता दांडा, आडवा की उभा, शाफ्टची जाडी किती आणि खालच्या बोल्टची भोकं कुठे. मी टेप काढला. अकरा हॉर्सपॉवर, आडवा शाफ्ट, एक इंच. वहीत चित्रच काढलं.

अमरावतीच्या एका डीलरला फोन लावला.

"कोणत्या मशीनचं पायजे?"

"गार्डन ट्रॅक्टर."

"म्हणजे टिलर?"

"नाही. बसून चालवायचा."

"लेकराइचा?"

"मुख्याध्यापिकेचा."

त्याने गोदामातल्या कुणाला तरी हाक मारून विचारलं. मग म्हणाला, "आहे आपल्याकडं. गार्डनचंच आहे. एक इंच शाफ्ट. या उद्या."

बुधवारी बसने गेलो. इंजिन नवंकोरं, लाल, गार्डनचंच. फक्त त्याचा शाफ्ट खाली जमिनीकडे पाहत होता. हल्लीच्या गवत कापायच्या गाड्यांना असंच उभ्या शाफ्टचं इंजिन लागतं, कारण पातं खाली फिरतं. ते आपल्या ट्रॅक्टरवर बसवायचं तर कुशीवर निजवावं लागलं असतं. तसं केलं की आतलं ऑइल जिथे जायचं तिथे जात नाही आणि चार दिवसांत इंजिन वर जातं.

"शाफ्ट आडवा म्हटलं होतं मी."

"आडवं ठेवलं का आडवाच होते ना, भाऊ."

चहा मात्र चांगला पाजला त्याने.

गुरुवारी माझ्याच गावात, वर्कशॉपपासून चार दुकानं सोडून, हवं ते मिळालं. पंपसेटचं तेरा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. शाफ्ट आडवा, जाडी बरोबर एक इंच, जुनी पुली अलगद बसली. दोन हॉर्सपॉवर जास्त, त्याने काही बिघडत नाही. बोल्टची भोकं अर्ध्या इंचाने चुकत होती, म्हणून जाड पत्र्याची प्लेट कापून मध्ये टाकली. सायलेन्सरचं तोंड नेमकं चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर येत होतं. फोनवर मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "तोच महाग गुडघा हाय माहा." मग पाइपला बाक देऊन ते खाली वळवलं. हे सगळं मी बगीच्यातल्या शेडमध्येच केलं. शनिवारी संध्याकाळी इंजिन पहिल्याच हिसक्यात सुरू झालं. आवाज असा की पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरची माणसं पाहायला आली. पण क्लचचा बेल्ट झिजलेला होता, तो सकाळी आणून टाकायचा ठरला. त्यामुळे गाडी चालवून काही पाहिली नाही.

रविवारी प्रशांत आला. सॉफ्टवेअरमधला, सभ्य मुलगा. मी बेल्ट चढवत होतो.

"काका, कशाला एवढा त्रास घेता? आई आता आराम करेल."

"आराम तू कर," मॅडम म्हणाल्या आणि सीटवर चढून बसल्या. हातात काठी, डोक्याला रुमाल. इंजिन सुरू केलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागे गेला.

मागे संत्र्याच्या रिकाम्या क्रेटची थप्पी होती. ती कोसळली. प्रशांत उडी मारून बाजूला झाला. मॅडमनी ब्रेक दाबला आणि शाळेत एखाद्या मुलाने पाढा चुकवल्यावर पाहत असतील तसं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मी पयलाच टाकला होता."

"पाहिलं मी."

त्यांनी दुसरा टाकला. ट्रॅक्टर अजून जोरात मागे. मी शेडच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनाकडे धावलो, रॉकेलच्या फडक्याने पंख्याचं कव्हर घासलं. ग्रीस गेलं, निळा रंग गेला, त्याखालचा हिरवा गेला. खाली ओतीव बाण होता. शाफ्टकडे तोंड करून पाहिलं तर हल्लीची जवळपास सगळी छोटी इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. हे म्हातारं काट्यांप्रमाणे फिरत होतं. जाम असल्यामुळे ते फिरवून पाहायचा प्रश्नच आला नव्हता, आणि दिशा विचारायचं मला सुचलं नव्हतं. तीस वर्षांचा अनुभव असला की माणूस टेप काढतो, प्रश्न विचारत नाही.

"म्हणजे उलटं बसवलं?" प्रशांतने विचारलं.

"सरळच बसवलं. तेच उलटं फिरतं."

"म्हणजे आता चालणार नाही." तो मॅडमना हात द्यायला पुढे झाला.

मॅडम उतरल्या नाहीत. गिअरच्या दांड्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "पुढचे तीन मांगं जातात ना? मंग मांगचा कुठीसा जाईल?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी रिव्हर्स टाकला. ट्रॅक्टर डुलत डुलत पुढे निघाला. रिव्हर्स एकच आणि संथ, त्यामुळे चाल बैलगाडीची. पण पुढे. झाडांच्या दोन ओळींमधून त्या ताठ बसून गेल्या, शेवटच्या झाडाला वळसा घेतला, वाटेत मजुराला मोडक्या फांद्यांवरून दोन शब्द सुनावले आणि परत आल्या. तोवर आम्ही दोघांनी क्रेट रचून घेतले होते.

"मी जाऊन राहिली काय पुण्याले?" त्यांनी मुलाला विचारलं.

प्रशांत हसला. बराच वेळ हसत होता. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, हे असंच राहू द्या ना. तिला याहून जास्त स्पीड नकोच."

"मले ऐकू येते," मॅडम म्हणाल्या. "कान नाई बदलले माहे. भाऊ, मले तिन्ही गिअर पायजेत."

उपाय सोपा होता, फक्त शोधायचा होता. याच इंजिनाचा एक प्रकार काँक्रीट मिक्सरसाठी येतो. त्याच्या शाफ्टवर छोटा गिअरबॉक्स असतो. एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांपैकी एक इकडे फिरलं की दुसरं तिकडे फिरतं. म्हणजे दिशा आपोआप बदलते. दर्यापूरच्या एका ठेकेदाराकडे तसा मिक्सर बंद पडून होता.

"साखळीचा नको," मी फोनवर दोनदा सांगितलं. साखळीने दिशा बदलत नाही. "दात्यांचा पायजे."

"दात्यांचाच हाय, बा. दात बी मोजू का?"

"मोजा."

त्याने मोजले.

तो गिअरबॉक्स काढून आणला आणि आपल्या इंजिनावर चढवला. त्याने वेग निम्मा होतो, म्हणून इंजिनावरची पुली दुपटीने मोठी घातली. ती बॉनेटमध्ये मावेना, तेव्हा बॉनेटला एका बाजूने खिडकी कापली. दिसायला काही ट्रॅक्टर देखणा राहिला नाही. पण पुढच्या आठवड्यात तिन्ही गिअर पुढे गेले आणि रिव्हर्स मागे. बगीचा मक्त्याने गेला नाही. प्रशांतने फक्त एक अट घातली, तिसऱ्या गिअरमध्ये जमीन ओली असेल त्या दिवशी जायचं नाही. मॅडमनी ती मान्य केली. पाळतात की नाही, हे मी विचारलेलं नाही.

या धंद्यात चूक मोजण्यात क्वचित होते. जे आपण मोजायचंच ठरवलं नाही, त्यात होते. हल्ली कुणी जाम इंजिन घेऊन आलं की मी टेप खिशातच ठेवतो आणि आधी विचारतो, "चालू होतं तेव्हा कोणत्या बाजूला फिरत होतं?" दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. तेव्हा मीही घाई करत नाही. रॉकेल आणायला सांगतो.