त्यांच्या क्लबहाउसातून आम्ही बोलणार नाही

त्याने आधी कीबोर्डवर प्लास्टिक पसरलं. भाजीच्या पिशवीचं, पातळ, पांढरं. चारी कोपरे नीट दाबले. मग खुर्चीवर वर्तमानपत्र टाकलं. मग मला म्हणाला, "बसा मावशी."

मी बसले.

नुसती बसले नाही. "थँक्यू साहेब" म्हणाले. दोन्ही हात जोडून.

आता आठवलं की त्या बाईच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्याच, पाठीत धपाटा घालावासा वाटतो. साठी नुकतीच ओलांडली होती तिने. कोवळीच म्हणायची. घरून निघताना हाताला लिंबू चोळून गेली होती, पार कोपरापर्यंत. मासळीचा वास जावा म्हणून. अगं शहाणे, कोळणीच्या हाताला लिंबाचा वास आला की समोरच्याला काय वाटणार? मासळी आता तव्यात पडणार, एवढंच ना?

तर हा साहेब म्हणजे आमच्या गावाशेजारच्या टॉवरचा सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त. केस माझ्याहून पांढरे, दात माझ्याहून कमी, तरी मी त्याची मावशी.

आमचं गाव डोंबिवली पश्चिमेला, अगदी खाडीला लागून. गावाच्या टोकाला आमचं खळं आहे. खळं म्हणजे मासळी वाळवायचं मैदान. जवळा, बोंबील, सुकट, सगळं तिथं वाळतं. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी राहिली नाही. कारखान्यांचं पाणी पिऊन ती मेली. माल आम्ही बाहेरून आणतो, पण वाळतो तो आमच्याच खळ्यावर. गावातल्या बायकांची घरं त्यावर चालतात. पूर्वी ते खळं आताच्या दुप्पट होतं. अर्ध्याच्या विक्रीवर गावातल्या पुरुषांनी सह्या केल्या आणि तिथं टॉवर उभा राहिला. शीळफाट्यापर्यंत त्याचे बोर्ड लागले होते. खाडीकिनारी, निसर्गाच्या कुशीत. लोकांनी घरं घेतली. खाडी त्यांना हवी होती. खाडीतली माणसं नको होती.

मग तक्रारी सुरू झाल्या. वास येतो. माश्या येतात. पाहुण्यांसमोर लाज वाटते. शेवटी टॉवरने अर्ज केला की उरलेलं खळं बंद करा आणि ती जागा आम्हाला पार्किंगला द्या. आम्हाला नोटीस आली. सुनावणी होणार, ती पण व्हिडिओवर. अधिकारी कल्याणला त्यांच्या खुर्चीत, टॉवरवाले त्यांच्या घरी, आम्ही आमच्या.

कॉम्प्युटर आमच्याकडे होता. हसू नका. त्याच टॉवरने दिलेला. त्या आधीच्या महिला दिनाला त्यांनी आम्हाला बोलावून दान केलं होतं. पडदा, डबा, कीबोर्ड, छोटा कॅमेरा, सगळं जुनं. सेक्रेटरीने भाषण केलं, "तळागाळातल्या भगिनींनी आता जगाशी जोडून घ्यावं." जगाशी जोडणारी वायर तेवढी द्यायची राहिली. फोटोत मी पुढच्या रांगेत. तोंड असं फाकलंय की पडजीभ मोजावी. नंतर तो कॉम्प्युटर समाजाच्या हॉलमध्ये चादरीखाली पडून राहिला.

मोबाईलवर का नाही केलं, असं माझी नात विचारते. अगं, मोबाईलवर एकीचंच तोंड मावतं. आम्हाला सगळ्यांची तोंडं दाखवायची होती. आणि अधिकारी पडद्यावर नकाशा दाखवणार होते. मोबाईलमध्ये आमचं खळं मुंगीएवढं दिसलं असतं. मुंगीवर पाय द्यायला कोण विचार करतं?

हॉलच्या वर मच्छीमार सोसायटीची खोली आहे, तिथं वायफाय आहे. जुन्या कॉम्प्युटरला ते पकडता येत नव्हतं. म्हणून कल्याणच्या दुकानातून एक वस्तू आणली. वायफाय ॲडॅप्टर. नखाएवढा. डब्याच्या तोंडावरच्या खाचेत खुपसला. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. काढून फुंकला. पदराने पुसला. परत घातला. काही नाही.

माझी धाकटी जाऊ पारू बाजूला उभी. म्हणाली, "बाय, याला अगरबत्ती लाव."

अगरबत्ती परवडली असती. मी काय केलं? डबा रिक्षात घातला आणि टॉवरवर नेला. ज्याच्याशी भांडण, त्याच्याकडेच दुरुस्तीला! कॉम्प्युटर त्यांनी दिला, म्हणजे त्यांनाच कळणार, असं माझं डोकं. आणि तोंडाने मी काहीही म्हणत असले, तरी मनात होतं की शिकलेली माणसं आहेत, सुनावणीआधी आपल्याला अडवणार नाहीत.

पारूला वॉचमनने गेटवरच थांबवलं. "एकच जाव." मी एकटी डबा कवटाळून क्लबहाउसात गेले. त्यांच्या पडद्याला, त्यांच्या कीबोर्डला माझा डबा जोडला. आणि मग ते प्लास्टिक.

सेक्रेटरीने डब्याच्या मागच्या बाजूला ॲडॅप्टर घातला. कोपऱ्यात एक ओळ आली. त्याने ती वाचली आणि हसला.

"ड्रायव्हर नाहीये मावशी. म्हणजे ही वस्तू चालवणारा प्रोग्रॅम. तो नेटवरून घ्यावा लागतो."

"मग घ्या ना साहेब."

"तुमच्या कॉम्प्युटरला नेट कुठाय? नेट हवं तर ड्रायव्हर पाहिजे. ड्रायव्हर हवा तर नेट पाहिजे." पुन्हा हसला. "तुम्हा लोकांना नाही कळायचं ते."

"तुमच्याकडे आहे की नेट."

"बाहेरची मशीन आमच्या नेटला जोडत नाही आम्ही. सिक्युरिटी असते."

दान दिलं तेव्हा ती मशीन आमची झाली. आता बाहेरची झाली.

मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाला, "असं करा. कशाला त्रास घेता? सुनावणीला तुम्ही सगळ्या इथंच या. एसी आहे. मोठा पडदा आहे. मी स्वतः जोडून देतो. चहा देतो."

आणि ती बाई हरखली! खरं सांगते. मनातल्या मनात साड्या ठरवायला लागली. कोणी काय नेसायचं, अबोलीचे गजरे कुठून आणायचे. विरोधी पक्षाच्या घरी बसून आपली बाजू मांडायची, आणि हिला चहाचं पडलेलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझ्यासमोरच बोलला, इंग्रजीत. माझ्याकडे पाठ सुद्धा केली नाही. भिंतीकडे कोण पाठ करतं?

"येस, येस. लेट देम सिट हिअर ओन्ली. आय विल कीप देम ऑन म्यूट."

मी आठवीपर्यंत शिकलेली. बाकीचं इंग्रजी सोडा. म्यूट हा शब्द घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर आहे. जाहिराती लागल्या की मी रोज तेच बटण दाबते.

मी तशीच बसून राहिले. खालचं वर्तमानपत्र चुरचुरलं. आणि मला शाळा आठवली. का, ते सांगता येत नाही, पण आठवली.

डोंबिवलीच्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी मला हाताला धरून खिडकीपाशी बसवलं होतं. "तू इथं बस हं, वारा येतो छान." पूर्ण वर्षभर ती जागा माझी. बाकीच्या मुलींना आलटून पालटून बसवायच्या, मला कधीच हलवलं नाही. माझ्या बाकावर दुसरी मुलगी नव्हती. मी घरी जाऊन आयेला सांगायची, "बाईंचा माझ्यावर लय जीव हाय." आये जाळं विणत राहायची. मला वाटायचं, हिला माझं कौतुकच नाही.

वारा माझ्यासाठी नव्हता. माझ्या अंगाचा मासळीचा वास वर्गात न राहता खिडकीतून जावा म्हणून होता.

पन्नासपेक्षा जास्त वर्षं लागली मला हे कळायला. पन्नास वर्षं मी त्या खिडकीची फुशारकी मारली. लग्नात मारली, सुनांसमोर मारली. असलं ठार येडं ध्यान.

मी उठले. ॲडॅप्टर उपटला, कनवटीला खोचला.

"माझा डबा द्या."

"काय झालं मावशी?"

"मी तुमची मावशी नाही. माझ्या बहिणीला असला मुलगा झाला नाही."

त्याचा चेहरा बदलला. मऊपणा गेला आणि आतला माणूस वर आला. "हे बघा, चांगलं करायला जावं तर तुम्हा लोकांचं हे असं. तुमच्याच्याने ते चालणार नाही. सुनावणीला हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल लागेल. मग रडत येऊ नका."

"नाही चाललं तर मोबाईलवर ओरडू. पण तुमच्या बोटाखाली बसून आम्ही बोलणार नाही."

वायरी मीच काढल्या. कुठली कुठे होती माहीत नव्हतं, सगळ्या ओढल्या. त्यांचा पडदा काळा झाला. बरं वाटलं.

गेटवर पारूने विचारलं, "झाला काय गो?"

"नाय झाला. पन आपुन करू."

"आपुन?" पारू म्हणाली. "बाय, तुना मिक्सरचा झाकन लावता येत नाय."

हॉलमध्ये बायका जमल्या. मी सेक्रेटरीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. म्यूटचं पण. कोणी हसलं नाही. मग आम्ही त्या डब्याभोवती बसलो, जशा टोपलीभोवती बसतो मासळी निवडायला.

त्याने मागे घातला होता ते आठवलं. डबा फिरवला तर मागे पण तशाच खाचा. मागच्या खाचेत घातला आणि ॲडॅप्टरचा दिवा लुकलुकला. पुढची खाच मुळात मेलेलीच होती. आमच्या दानाचं तोंडच लुळं. पण कोपऱ्यात तीच ओळ, ड्रायव्हर नाही. ॲडॅप्टरच्या खोक्यात एक छोटी सीडी होती, पण डब्याचा सीडीचा खण उघडेना. पारूने सुरीचं टोक घालून पाहिलं. मी तिच्या हातावर मारलं.

मग मी त्याचंच बोलणं परत परत मनात घोळवलं. ड्रायव्हर नेटवरून आणावा लागतो. पण कॉम्प्युटरनेच आणावा, असं कुठे आहे? विहिरीवर हांडा पाठवतो आपण, चूल नाही पाठवत.

मोबाईल घेऊन वरच्या खोलीत गेले. खोक्यावर बारीक अक्षरात नंबर होता, तो टाकून शोधलं. कंपनीच्या पानावर फाईल मिळाली. मोबाईलवर उतरवली. खाली येऊन चार्जिंगच्या वायरीने मोबाईल कॉम्प्युटरला जोडला. मोबाईलने विचारलं, फक्त चार्जिंग करू की फाईल पाठवू? हा प्रश्न त्याने मला आधी कित्येकदा विचारला असेल. मी तो बोटाने झटकून टाकायची, माशी झटकावी तसा.

फाईल पाठव म्हटलं. गेली. उघडली. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाईल माझ्याशी जुळत नाही. पुन्हा जिना. त्या पानावर दोन फाईली होत्या, नव्या मशीनची वेगळी, जुन्या मशीनची वेगळी. मी दिमाखात नवी उचलली होती. जुनी उतरवली. पुन्हा जिना. गुडघे शिव्या देत होते, मी पण देत होते. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. कोपऱ्यात वायफायच्या रेघा उभ्या राहिल्या आणि वरच्या खोलीचं नाव दिसलं.

एवढंच होतं ते. एक चार्जिंगची वायर. त्याला माहीत नसेल? बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला? त्याला माहीत होतं. मला नाही कळायचं, यावर त्याचा भरवसा होता. आणि तोपर्यंत तरी तो भरवसा मी कधी खोटा पाडला नव्हता.

सुनावणीला आम्ही सगळ्या बसलो. पडद्यावरच्या एका चौकटीत मावत नव्हतो, तरी एकमेकींना चिकटून मावलो. दुसऱ्या चौकटीत सेक्रेटरी, मागे पुस्तकांचं कपाट. आम्हाला पाहून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तो आधी बोलला. आरोग्य, स्वच्छता, लहान मुलं, सगळं व्यवस्थित. मग अधिकारी म्हणाले, "गावाच्या वतीने कोण?" मी बोलायला लागले. खळं कधीपासून आहे, कोणाकोणाची चूल त्यावर पेटते, पावसाळ्यापूर्वी किती दिवस ऊन मिळतं.  सेक्रेटरीला राहवलं नाही. मध्येच म्हणाला, "सर, हा कॉम्प्युटरसुद्धा आम्ही दिलाय यांना. आमच्याच कॉम्प्युटरवरून आमच्याच विरुद्ध बोलतायत."

 पारूने माझा दंड धरला.

"हो," मी म्हणाले. "आणि तुमचा टॉवर आमच्या अर्ध्या खळ्यावर उभा आहे. आमच्याच जमिनीवरून आमच्याच विरुद्ध बोलू नका, असं आम्ही कधी म्हटलं का?"

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलं, "आपला माईक बंद केलाय. यांचं पूर्ण होऊ द्या."

निकाल लागलेला नाही अजून. अधिकारी एकदा येऊन पाहणी करून गेले, फाईल फिरते आहे. मध्ये टॉवरकडून निरोप आला, मिटवून टाकू. उरलेल्यातलं अर्धं तुम्ही ठेवा, वर पत्रे घालून देतो, कडेने भिंत बांधू, म्हणजे कोणाला दिसणार नाही. गावातले काही पुरुष म्हणाले, वाईट काय आहे त्यात? पारू पण घुटमळली. "बाय, अर्धा तरी ऱ्हाईल."

मी निरोप आणणाऱ्याला उंबऱ्यातच सांगितलं. भिंत नाही. पत्रे नाहीत. अर्धं नाही. बोंबील उघड्यावर वाळतात, आम्ही पण उघड्यावरच बसणार, तुमच्या प्रत्येक बाल्कनीतून दिसू असं. वास आला तर खिडक्या तुमच्या आहेत, तुम्ही लावा. निकाल आमच्या विरुद्ध लागला तर वरच्या साहेबाकडे जाऊ, तिथं हरलो तर त्याच्या वरच्याकडे. आणि पोलीस आणलेत तर ते आम्हाला त्या खळ्यावरच भेटतील, टोपल्यांसकट.

आम्ही तिथून उठणार नाही.