वैशालीचे कॉन्ट्रास्ट

सचिन गावातल्या आमच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये तपासलेले कापडाचे तुकडे महिन्याने फेकून देतात. किस्से कोण फेकणार? ते साठतच जातात! त्यातले निम्मे वैशालीचे. लिंबायतची पोर, वडील लूमवर कामाला, ही एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. मी तिचा सीनियर, हे सांगताना हल्ली माझीच कॉलर ताठ होते.

*

पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, "तू इथे काय करणार?"

"कॉन्ट्रास्ट काढणार, सर."

"अरे, मग ब्लाउजपीसवाले वरच्या मजल्यावर बसतात!"

*

तिचा कॉन्ट्रास्ट वेगळा, आकड्यांतली तुलना. समजा, एक नवा रंग आणि तीन जुने. नव्याच्या सरासरीला तीनने गुणायचं, त्यातून जुन्या तिघांच्या सरासऱ्या वजा करायच्या. अधिक तीन, उणे एक, उणे एक, उणे एक. या गुणकांची बेरीज शून्य यायलाच हवी.

डाइंग मास्तर वैतागले, "दिवसभर खपून शून्यच आणायचं?"

"मास्तर, शून्य आलं म्हणजे दोन्ही पारडी सारखी. आता मापा!"

*

हे तिने घरीही सांगितलं. वडिलांनी लगेच शेजाऱ्याला गाठलं.

"मनी पोर शून्य काढस!"

"परीक्षामा?"

"नही रे, मिलमा!"

आवाज इतका अभिमानाचा, की शेजाऱ्याने अभिनंदन केलं!

*

पण खरा किस्सा धुलाईच्या टेस्टचा. सहा रंग, धुतल्यावर कोणता किती उतरतो ते मोजायचं. आधी ठरवलेल्या तुलनांत काहीच फरक निघाला नाही. सेल्सच्या केतनभाईंनी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सरासरीवर बोट ठेवलं. "ही जोडी टाक. कॅटलॉगमध्ये छापू."

"आकडे बघून निवडलेली जोडी आहे ही," वैशाली म्हणाली. "तिला जास्त कडक कसोटी लागते. त्यात ती टिकत नाही."

शेठ चिडले. "कॅटलॉग उद्या छापायला जातोय!"

"मग माझ्या सहीशिवाय जाऊ द्या, सर." वैशालीने पेनला टोपण लावून ते खाली ठेवलं.

मी म्हणालो, "शेठ, माझीही सही नाही."

शेठनी सह्यांच्या दोन्ही रिकाम्या जागा बघितल्या. मग म्हणाले, "छपाई थांबवा. परत टेस्ट करा."

वैशालीने ती एकच तुलना आधी कागदावर लिहिली, खाली शेठची सही घेतली, मगच नवे नमुने धुवायला टाकले. आठ दिवसांनी बघतो तर तो मोठा फरक कुठल्या कुठे गेलेला! कॅटलॉग त्या जोडीच्या ओळीशिवायच छापला.

गेल्या आठवड्यात केतनभाई धावतच केबिनमध्ये शिरले. "शेठ, आ जुओ, हे बघा! हा लॉट सगळ्यांच्या पुढे गेलाय!"

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहेलां लख्युं हतुं? आधी, कागदावर?"