मिठाच्या वाटेवरचं लेकरू

"थांब भाऊ, तिले विचारते," असं म्हणून सिस्टर माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ हात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. 'ती' म्हणजे त्यांच्या कादंबरीची नायिका. तिचं उत्तर येईपर्यंत माझं टायपिंग बंद. गिऱ्हाईक ताटकळायचं, चहा निवून जायचा.

आर्णीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सिस्टरना जाऊन वर्ष होत आलं, नाहीतर तुम्हालाही त्या इथंच भेटल्या असत्या. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून साऱ्या गावाच्या सिस्टर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. गावालगतच्या बंजारा वस्तीत, तांड्यात, एकट्या राहायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी पहिलीच कादंबरी लिहायला घेतली. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या, पणजीच्या काळातल्या बंजारा तांड्याची. त्या सांगायच्या, मी टाइप करायचो.

एकदा एका गुरुजींनी विचारलं, "ऐतिहासिक म्हणता, मग राजा कोणता?"

"आहे ना राजा. जेवून राह्यला. त्याच्या ताटातलं मीठ कोणी आणलं, थे मी लिहून राह्यली."

एक दिवस मात्र आल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. कादंबरीत नायिकेचं तान्हं लेकरू वाटेत तापानं जायचं होतं.

"दवाखान्यात लय लेकरं हातातून गेली, भाऊ. तिथं माझं काही चाललं नाही. इथं तर सगळं माझ्याच हाती आहे. मंग काहून मारू?"

"मग नका मारू."

"खोटं होईल थे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठवड्यानं परत आल्या. एका दमात सांगितलं. लेकरू मोहाच्या झाडाखाली पुरलं आणि उजाडताच तांडा हलला, कारण तिथं बैलांना चारा नव्हता. माझी बोटं थांबली.

"लिही," त्या म्हणाल्या.

पुस्तक छापून आलं. प्रकाशनाला मोजकी माणसं आली, हार घालून गेली. त्यानंतर सिस्टर रोज दुकानात डोकावायच्या. "कोणी काही म्हणलं का?" मी काहीबाही सांगायचो. माझं खोटं त्यांना कळायचं. तरी दुसऱ्या दिवशी यायच्या.

शेवटी त्यांनी ते पुस्तक तांड्यातल्या एका म्हातारीला वाचून दाखवलं, आपल्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत सांगत सांगत. म्हातारीला दिसत नव्हतं. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. लेकराचं ऐकून ती उठूनच बसली. कुठं पुरलं? मला तिथं ने.

सिस्टर घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. "थे तर मी मनानं लिहिलं, भाऊ. आता याडीले कुठं नेऊ?"

ऑटो करून आम्ही तिघं निघालो. गावाबाहेर तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं एक झाड दिसलं. सिस्टर म्हणाल्या, "इथंच." याडीनं चाचपत बुंध्याशी गुळाचा खडा ठेवला आणि गळा काढून रडू लागली. घरचंच कोणी गेल्यासारखी. सिस्टर बाजूला ताठ उभ्या होत्या.

रडणं ओसरलं तसा याडीनं त्यांचा पदर धरला. तिची बोली मला थोडीफार कळते. ती विचारत होती, "तुझं होतं का गं?"

सिस्टर मातीतच खाली बसल्या.

"हो, याडी."

म्हातारीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी ऑटोकडे चालू लागलो.